बहिणीचा बनावट फोटो वाडीच्या ग्रुपवर आला आहे. ब्लॉक करायचं की तक्रार?

तुम्ही लिहिलेलं आधी थोडक्यात मांडते. धाकटी बहीण २२ वर्षांची, तालुक्याच्या कॉलेजात शिकते. तिच्या नावाने कोणीतरी इन्स्टाग्रामवर खातं काढलं, तिचा चेहरा एका नग्न फोटोवर चिकटवला आणि तिच्याच मैत्रिणींना फॉलो रिक्वेस्ट पाठवल्या. त्या खात्यावरून तिला ‘व्हिडिओ कॉलवर ये, नाहीतर बाबांना पाठवतो’ असे मेसेज येत आहेत. परवा तोच फोटो वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अनोळखी नंबरवरून पडला. आई म्हणते, ‘गप रव, लोक काय म्हणतले?’ ब्लॉक करून फोन बंद ठेवला की गणपतीला चाकरमानी येईपर्यंत सगळे विसरतील, असं तिला वाटतं. काका म्हणतात, पोलीस पाटलांना बोलावून गावातच मिटवू. तुम्हाला दोन्ही पटत नाही आणि तुमचा संशय गावातल्याच एका मुलावर आहे.

ब्लॉकही करायचं आणि तक्रारही. घोटाळा होतो तो क्रमात. घाबरलेलं घर पहिल्या तासात नेमकं उलटं करतं: आधी ब्लॉक, मग चॅट डिलीट, मग रागाने मुलीचा इन्स्टा बंद, आणि चार दिवसांनी ठाण्यात गेल्यावर दाखवायला काहीच नाही. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक प्रकरणांची दुखरी जागा हीच असते. आधी जपून ठेवा, मग काढायला लावा, मग ब्लॉक करा, आणि या सगळ्याच्या जोडीने पोलिसांकडे जा. पहिल्या तीन गोष्टी एका संध्याकाळी होतात.

काही गोष्टी परिस्थितीवर ठरतात, त्या आधीच सांगते. मुलगी १८ च्या आतली असती तर रस्ता वेगळा असता. फोटो बनावट नसून खरा असता, समोरचा पैसे मागत असता किंवा तो तिचा वरिष्ठ असता, तरी थोडा फरक पडला असता. त्यावर शेवटी लिहिते. तुमच्या बाबतीत बहीण सज्ञान आहे. म्हणून कुठलंही पाऊल उचलण्याआधी तिला विचारा. तक्रारीवर सही तिची असणार, जबाब तिचा होणार. घरच्यांनी परस्पर ठरवलेली तक्रार जबाबाच्या वेळी डगमगते.

आता जपून ठेवण्याबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे.

स्क्रीनशॉट सगळेच काढतात, पण अर्धे निरुपयोगी निघतात. फोटो कापलेला असतो, नंबर दिसत नाही, तारीख दिसत नाही. व्हॉट्सॲपच्या चॅटमध्ये ताज्या मेसेजवर ‘आज’, ‘काल’ एवढंच येतं, तारीख येत नाही. म्हणून स्क्रीनशॉटबरोबर ते चॅट एक्सपोर्टही करा: वरचे तीन ठिपके, ‘आणखी’, ‘चॅट एक्सपोर्ट करा’, आणि मीडियासह. त्यातून निघणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये प्रत्येक ओळीआधी तारीख आणि वेळ असते. मात्र तो नंबर तुम्ही फोनमध्ये नावाने सेव्ह केला असेल तर त्या फाइलमध्ये नाव येतं, नंबर येत नाही. संशयिताच्या नावाने तर मुळीच सेव्ह करू नका. तुमचा अंदाज पुराव्यात शिरतो आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो. नंबर आहे तसा राहू द्या आणि संपर्काची माहिती उघडून, पूर्ण नंबर दिसेल असा एक स्क्रीनशॉट वेगळा घ्या.

ग्रुपवरच्या फोटोसाठी तीन स्क्रीनशॉट लागतात. मेसेज, त्याच्यावरचा नंबर आणि वेळ दिसेल असा एक. ग्रुपचं नाव आणि सदस्यांची यादी दिसेल असा दुसरा. त्या नंबरच्या प्रोफाइलचा तिसरा. पहिला काढताना मेसेजच्या डोक्यावर ‘फॉरवर्ड केलेला’ असं लिहिलंय का, किंवा दुहेरी बाण आहे का, ते कापलं जाणार नाही याकडे लक्ष द्या. खूण असेल तर त्या नंबरवाल्याने तो दुसरीकडून आणून टाकलाय. खूण नसेल तर बहुधा त्याच्या फोनच्या गॅलरीतून निघालाय. तपासाची दिशा या एवढ्याशा खुणेवरून बदलू शकते. आणि घाई करा, कारण पाठवणाऱ्याला दोन दिवसांहून थोडा जास्त वेळ ‘सर्वांसाठी डिलीट’ची सोय असते, ॲडमिनलाही तो काढता येतो. तुम्ही स्वतः ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी हे करून घ्या.

इन्स्टाग्रामवर नुसतं नाव टिपून भागत नाही. खातेदार नाव बदलतो आणि जुनी प्रोफाइल लिंक मेलेली निघते. त्यामुळे प्रोफाइलची लिंक घ्याच, पण प्रत्येक पोस्टची लिंकही स्वतंत्र कॉपी करा. खात्याचं नाव बदललं तरी पोस्टची लिंक चालत राहते. प्रोफाइलवरच्या तीन ठिपक्यांत ‘या खात्याबद्दल’ असं दिसलं तर तेही उघडून ठेवा; काही खात्यांना ते कधी सुरू झालं हे तिथे कळतं. त्या खात्याला कोण कोण फॉलो करतंय ती यादी टिपा. बहिणीच्या ज्या मैत्रिणींना त्या खात्यावरून मेसेज गेले, त्यांनी आपापल्या फोनवरचे स्क्रीनशॉट स्वतः काढून ठेवावेत. पुढे त्या साक्षीदार होऊ शकतात.

एक सावधगिरी. साध्या चॅटचा स्क्रीनशॉट काढला तर इन्स्टाग्राम समोरच्याला कळवत नाही, पण आपोआप गायब होणाऱ्या मेसेजचा किंवा फोटोचा काढला तर कळवतं. स्नॅपचॅट तर चॅटच्या स्क्रीनशॉटचीही खबर देतं. व्हॉट्सॲपवर ‘एकदाच पाहा’ म्हणून आलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट निघतच नाही. अशा वेळी दुसऱ्या फोनने पडद्याचा फोटो काढा, मोबाइलची कड दिसली तरी चालेल. जमलं तर एक स्क्रीन रेकॉर्डिंगही करा: फोनच्या मुख्य पडद्यापासून सुरुवात, ॲप उघडणं, ते खातं शोधणं, पोस्ट आणि मेसेज सावकाश वर-खाली सरकवणं, सगळं एका दमात. सुटे स्क्रीनशॉट बनावट आहेत असं कोणी म्हणायला लागलं की हे रेकॉर्डिंग कामाला येतं. त्यावर गोल, बाण, लाल रेघा काढू नका. मूळ फाइल तशीच ठेवा.

मग एका वहीत किंवा कागदावर तक्ता करा: तारीख, वेळ, कुठून आला, काय आलं, फाइलचं नाव. दहा-बारा ओळींचा हा कागद ठाणे अंमलदाराच्या टेबलावर ठेवला की पुढचा अर्धा तास वाचतो.

फोन बदलू नका, रिसेट करू नका, विकू तर नकाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत, म्हणजे त्या फाइलचा अंकी ठसा, त्यात लिहावी लागते. ते वकील किंवा पोलीस करून घेतील. पण ज्या फोनवर मेसेज आले तो फोनच नसेल तर प्रमाणपत्र कशाचं देणार?

आणि बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानाबद्दल. प्रिंट काढायला तिथला मुलगा ‘व्हॉट्सॲपवर पाठवा’ म्हणतो आणि आपण पाठवतो. तो फोटो त्याच्या फोनमध्ये, त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये कायमचा राहतो. नग्न फोटोची प्रिंट कोणालाही नको असते. मेसेजच्या आणि प्रोफाइलच्या प्रिंट पुरेत, त्याही पेनड्राइव्हवरून, समोर उभं राहून काढाव्यात आणि फाइल पुसून घ्यावी. फोटो पेनड्राइव्हवरच पोलिसांना द्यायचा. त्याच कारणाने ‘हे बघा काय केलंय’ म्हणून तो मामाला, मावशीला, मुंबईच्या चुलत भावाला पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६७ आणि ६७-अ असा मजकूर पुढे पाठवणाऱ्यालाही लागू होतात, आणि पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता म्हणून फोटो फिरायचा थांबत नाही.

आता काढायला लावणं. इन्स्टाग्रामवर दोन वेगळ्या तक्रारी करा. पहिली खात्याविरुद्ध: हे खातं माझं सोंग घेतंय. ही बहिणीने तिच्या खात्यावरून करावी. मैत्रिणींनी करताना ‘माझ्या ओळखीच्या व्यक्तीचं’ हा पर्याय निवडून तिचं खरं खातं दाखवावं. दुसरी त्या फोटोविरुद्ध, नग्नतेच्या सदराखाली. शंभर जणांना ‘रिपोर्ट मारा’ सांगून उपयोग नाही. योग्य सदराखाली केलेल्या एका तक्रारीला जास्त वजन असतं, आणि शंभर जणांना सांगण्यात शंभर जण तो फोटो बघतात.

ॲपमधली तक्रार दाद देत नसेल तर त्या कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याकडे जा. त्याचा पत्ता किंवा फॉर्म ॲपच्या मदत विभागात असतो. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत नियम ३(२)(ब) आहे: नग्नता दाखवणारा किंवा कोणाचं सोंग घेणारा मजकूर, ज्यात बनावट चेहरा चिकटवलेले फोटोही आले, त्याची तक्रार संबंधित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणीही केली की कंपनीने तो काढायला हवा. नियम निघाले तेव्हा मुदत २४ तासांची होती, म्हणून त्यापेक्षा जास्त वाट बघत बसू नका. ‘तिच्या वतीने’ आहे, म्हणजे हे काम तुम्ही करू शकता. तक्रारीत भावना नको, एवढं पुरे: ‘या लिंकवरचा फोटो माझा चेहरा वापरून बनवलेला नग्न फोटो आहे. त्याला माझी संमती नाही. हे खातं माझ्या नावाने चालवलं जात आहे. नियम ३(२)(ब) प्रमाणे दोन्ही काढावे आणि तपासासाठी माहिती जतन करावी.’ खाली लिंक, नाव, तारीख. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ३० दिवसांच्या आत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येतं.

जतन करण्याची ओळ मुद्दाम घातली आहे. फोटो काढला की पुरावाही गेला असं अनेकांना वाटतं. तसं नाही. काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस ठेवायची, असं तेच नियम सांगतात. मात्र ती मागायची पोलिसांनी. तुम्ही सहा महिने विचार करत बसलात तर मागायला काही उरणार नाही. ‘गणपती होऊ दे, शिमगा होऊ दे’ याला माझा विरोध आहे तो यामुळे.

फोटो आणखी कुठे कुठे चढू नये म्हणून ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची मोफत सेवा आहे, १८ वर्षांवरच्यांसाठी. तिथे फोटो चढवावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक अंकी ठसा तयार होतो, तो ठसा फेसबुक-इन्स्टाग्रामसारख्या सहभागी कंपन्यांकडे जातो आणि तसाच फोटो कोणी टाकला की त्यांना ओळखता येतो. मर्यादा दोन: फोटोत बराच बदल केला तर ठसा जुळत नाही, आणि व्हॉट्सॲपच्या खासगी चॅटमध्ये तो चालत नाही. गुगलच्या शोधात फोटो दिसायला लागला तर गुगलकडे संमतीविना टाकलेल्या नग्न फोटोंसाठी वेगळा फॉर्म आहे.

वाडीच्या ग्रुपसाठी माणूस लागतो. ॲडमिनला फोन करा, लिहू नका. त्याला तीन गोष्टी सांगा: फोटो सर्वांसाठी डिलीट कर, तो नंबर काढ पण आधी टिपून ठेव, आणि ग्रुपवर एकच ओळ टाक की हा फोटो बनावट आहे, ज्याने ठेवला-पाठवला तो गुन्ह्यात येईल. ॲडमिन बिचारा ‘माझ्यावरच केस होईल’ म्हणून घाबरलेला असतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी, संगनमत असल्याशिवाय, ॲडमिन गुन्हेगार ठरत नाही. हे कळलं की तो मदतीला येतो. ग्रुपवर वाद घालू नका. प्रत्येक उत्तराने तो विषय पुन्हा वर येतो आणि ज्यांनी पाहिलं नव्हतं ते वर सरकवून बघतात.

ब्लॉक करायचं ते यानंतर. धमकीला उत्तर, विनवणी, शिवी, काहीही देऊ नका. शिवी दिलीत तर तोच स्क्रीनशॉट उद्या तुमच्याविरुद्ध येतो. एक अपवाद. ओळखीचा माणूस सतत मेसेज करत असेल आणि आजवर त्याला स्पष्ट नकार दिलेला नसेल, तर एकदाच लिहा: ‘मला तुमच्याशी बोलायचं नाही. पुन्हा मेसेज करू नका.’ भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये पाठलागाचा गुन्हा आहे, आणि बाईने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं हा त्याचा गाभा आहे. ती एक ओळ पुढे पुरावा ठरते. तुमच्या बहिणीच्या बाबतीत समोरचा मुखवटा घालून धमकावतोय, तिथे ही ओळही नको. इन्स्टाग्रामवर ‘ब्लॉक’ऐवजी काही दिवस ‘रेस्ट्रिक्ट’ ठेवता येतं. त्याचे मेसेज बाजूला पडतात, तिने वाचले की नाही हे त्याला कळत नाही, आणि पुरावा मात्र जमा होत राहतो. हे तिला सोसवणार असेल तरच. तो फोन दिवसातून एकदा तुम्ही बघा, तिने नाही.

पोलिसांकडे कसं जायचं. नॅशनल सायबर क्राइम रिपोर्टिंग पोर्टलवर महिला आणि बालकांविरुद्धच्या गुन्ह्यांचं वेगळं सदर आहे. तिथे नाव न सांगताही तक्रार करता येते, पण मग पुढे काय झालं ते बघता येत नाही. म्हणून नाव देऊन करा आणि पोचक्रमांक जपा. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे, तुमच्या प्रकरणात त्यावर वेळ घालवू नका. आत्ता कोणी दारात उभा असेल तर ११२. पोर्टलवरची तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. ठाण्यात जावंच लागतं.

कोणत्या ठाण्यात? जवळच्या. सायबर पोलीस ठाणं जिल्ह्याच्या ठिकाणी, म्हणजे तुम्ही देवगडात असाल तर ओरोसला आणि राजापुरात असाल तर रत्नागिरीला पाठवण्याची टाळाटाळ होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडला असला तरी एफआयआर घ्यावा लागतो, पुढे तो योग्य ठाण्याकडे वर्ग होतो. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास मात्र पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करू शकतो. छोट्या ठाण्यात सहायक निरीक्षक प्रमुख असतो, तिथे हे कारण पुढे येतं. उत्तर साधं आहे: तपास निरीक्षक करतील, नोंद तुम्ही करा.

तक्रार-अर्जात कलमं लिहिण्याचा हट्ट नको, पण ठाऊक असावीत. बनावट नग्न फोटो पसरवणं: माहिती तंत्रज्ञान कायदा ६७, पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत कैद; फोटोत लैंगिक कृती दिसत असेल तर ६७-अ, पहिल्या वेळी पाच वर्षांपर्यंत. दुसऱ्याची ओळख वापरणं आणि सोंग घेऊन फसवणं: ६६-क आणि ६६-ड. शरीरसुखाची मागणी: न्याय संहितेचं कलम ७५. धमकी: ३५१. बदनामीसाठी बनावट दस्त, ज्यात इलेक्ट्रॉनिक दस्तही येतो: ३३६. यातली ६७, ६७-अ, ६६-क, ६६-ड आणि ७५ दखलपात्र आहेत, म्हणजे पोलिसांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय तपास करता येतो. म्हणून ‘एनसी करून ठेवतो’ म्हणाले तर नम्रपणे नाही म्हणा. अदखलपात्र नोंद झाली की न्यायदंडाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तपास हलत नाही. जुनं कलम ६६-अ कोणी लिहायला सांगितलं तर लिहू नका, ते सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच रद्द केलं आहे.

न्याय संहितेच्या ७४ ते ७९ या कलमांखालची बाईची तक्रार महिला अधिकाऱ्याने नोंदवायची असते. त्या दिवशी ठाण्यात महिला अधिकारी नसतील तर कधी येतील ते विचारा, पुरुषांच्या घोळक्यात तो फोटो टेबलावर ठेवू नका. नंतर तपासासाठी जबाब हवा असेल तर बाईला घराबाहेर बोलावता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणी येऊन घ्यावा लागतो. पोलिसांची जीप वाडीत नको म्हणून ती स्वतःहून ठाण्यात जाणार असेल तर तो तिचा निर्णय. एफआयआरची प्रत मोफत मिळते, तिथेच मागा. फोन जप्त केला तर पंचनाम्याची प्रत घ्या. नंतर न्यायालयातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागाल तेव्हा हजर करीन अशा हमीवर, तो परत मागता येतो. नोंद घेतलीच नाही तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावती ठेवा. त्यानेही हललं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे प्रतिज्ञापत्रासह अर्ज. वकिलाच्या फीची चिंता असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीत जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता वकील मोफत मिळतो. फोनवर १५१०० ला विचारता येतं.

आता काकांचं ‘गावातच मिटवू’. काकांचा हेतू वाईट आहे असं मी म्हणत नाही. बांधाच्या, पाण्याच्या, आंब्याच्या वाटणीच्या भांडणात गावबैठक चांगलं काम करते. इथे ती तीन ठिकाणी फसते. बैठक म्हणजे पंचवीस माणसांसमोर पोरीची गजाल. संशयिताला बोलावलं की तो घरी जाऊन पहिल्यांदा फोन रिसेट करतो. आणि माफीपत्रावर सह्या घेऊन गुन्हा मिटत नाही: माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७७-अ प्रमाणे बाईविरुद्धच्या किंवा १८ च्या आतल्या मुलाविरुद्धच्या गुन्ह्यात न्यायालयालाही तडजोड मान्य करता येत नाही, तर तंटामुक्त समितीला कुठून येणार? पोलीस पाटलांना कळवायचंच तर ठाण्यात खबर पोचवण्यासाठी कळवा.

तुमच्या संशयाबद्दलही तेच. तो मुलगा असेलही. त्याला विचारायला जाऊ नका, भावंडांना तर मुळीच पाठवू नका. मारहाण झाली की पहिला एफआयआर तुमच्या भावावर होतो. फेसबुकवर त्याचं नाव टाकलंत तर बदनामीचा दावा तुमच्यावर. पोलिसांना मात्र संशय जरूर सांगा, कारणासकट. एक कारण तुम्ही स्वतः शोधू शकता: तो मूळ चेहरा कुठल्या फोटोतला आहे? तिने तो कधी, कुठे टाकला होता आणि कोणाला दिसत होता? सगळ्यांसाठी उघड्या प्रोफाइलवरचा असेल तर काही कळत नाही. पण ‘क्लोज फ्रेंड्स’च्या स्टोरीतला किंवा कॉलेजच्या सहलीच्या ग्रुपवरचा असेल तर संशयितांची यादी एकदम आखडते. ही माहिती तक्रारीत असली की तपासाला सुरुवातीचं टोक मिळतं.

आता वेगळ्या परिस्थितींबद्दल. मुलगी १८ च्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, लागतो, कळूनही न कळवणं हाच गुन्हा होतो, आणि घरच्यांना ‘करायची की नाही’ हा पर्याय उरत नाही. मदतीसाठी १०९८, फोटो रोखण्यासाठी ‘टेक इट डाउन’ ही सेवा. फोटो खरा असेल, अगदी तिनेच विश्वासाने कोणाला पाठवलेला असेल, तरी तो पसरवणं गुन्हाच आहे. काढायला संमती होती पण पसरवायला नव्हती, तर न्याय संहितेचं कलम ७७ लागतं, असं त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच लिहिलंय. ‘मग पाठवलाच कशाला’ हा प्रश्न घरात कोणी विचारला तर तुम्ही त्याला तिथेच थांबवा. नग्न व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून पैसे उकळणाऱ्या टोळ्यांच्या जाळ्यात तरुण मुलगेही मोठ्या संख्येने सापडतात. तिथे एक रुपयाही द्यायचा नाही, कारण पैसे दिले की मागणी वाढते. पैसे गेले असतील तर १९३० ला लगेच फोन. रिसॉर्टचा मॅनेजर किंवा फॅक्टरीतला सुपरवायझर रात्री व्हॉट्सॲपवर चावट बोलत असेल तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदाही आहे. दहा किंवा जास्त कामगार असतील तर मालकाने नेमलेली अंतर्गत समिती, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती, आणि तक्रारीची मुदत तीन महिने. त्रास देणारा आखातात किंवा जहाजावर असला तरी इथला गुन्हा नोंदतो, कारण संगणक किंवा फोन भारतातला असेल तर माहिती तंत्रज्ञान कायदा परदेशातून केलेल्या कृत्यालाही लागू आहे. वेळ मात्र जास्त लागतो.

बहिणीकडून फोन काढून घेऊ नका. तिने काही केलेलं नाही, आणि फोन गेला की तिच्या मैत्रिणीही जातात. तिचं खातं खासगी करा, फॉलोअरची यादी दोघींनी मिळून चाळा, पासवर्ड बदला, दोन टप्प्यांची खात्री सुरू करा, ‘लॉगिन कुठे कुठे आहे’ ते तपासा. व्हॉट्सॲपच्या गोपनीयतेत ‘मला ग्रुपमध्ये कोण घालू शकतं’ आणि ‘प्रोफाइल फोटो’ हे दोन्ही ‘माझे संपर्क’वर ठेवा. तिला झोप लागत नसेल, जेवण तुटलं असेल, किंवा ‘मला जगायचंच नाही’ असं बोलत असेल तर १४४१६ या टेलिमानसच्या नंबरवर मराठीत बोलता येतं. त्या रात्री तिला एकटी झोपू देऊ नका. तेव्हा तक्रार एक दिवस उशिरा झाली तरी चालेल.

बाबांना तिने किंवा तुम्ही आधीच सांगा. धमकीतलं सगळं बळ ‘बाबांना पाठवतो’ या वाक्यात आहे.

एफआयआर झाल्यावरही तो नवीन खातं काढेल, असं धरून चला. प्रत्येक नव्या खात्याला नवी तक्रार लागत नाही. त्याच तक्त्यात ओळ वाढवायची, लिंक आणि स्क्रीनशॉट घ्यायचे, ॲपवर रिपोर्ट करायचं आणि तपास अधिकाऱ्याकडे पुरवणी जबाब द्यायचा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. ती तारीख आजच कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी एफआयआरचा नंबर घेऊन लेखी अर्जाने विचारा.